पाण्याला एक गाठ, वाऱ्याला दोन

नांदेडच्या सिडकोतून गाडी बाहेर काढली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ही तीस वर्षांची गाडी ते गेल्यापासून दोन वर्षं माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेली. आज ती घेऊन लातूरपुढच्या मुरुडला जायचं होतं, आईला कायमचं नांदेडला आणायला. दोन वर्षं विनवण्या करून मी थकलो होतो. शेवटी गेल्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली, "त्यांच्या गाडीतून न्यायला आलास तर येते. बसनं न्हाई, जीपनं न्हाई. गुरुवारी दिवेलागणीच्या आत ये. गुरुवार टळला तर पुन्हा विषय काढू नको." आमच्या आईचं हे असंच असतं.

आदल्या दिवशी बॉनेट उघडून साफसफाई मीच केली होती. गाडी जुनी असली तरी कार्ब्युरेटरची नाही. किती पेट्रोल फवारायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याला खबर पोचवणाऱ्या वायरी इंजिनभर पसरलेल्या असतात. मूळच्या रंगीत वायरी उंदरांनी कुरतडल्यावर अण्णांनी सगळीकडे एकच काळी वायर घातली होती, विहिरीवरच्या मोटारीची. दोन कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या टोपीच्या) मागे काळा दोरा बांधलेला दिसला. मी विज्ञानाचा मास्तर. वर्गात नजर आणि लिंबू-मिरचीविरुद्ध इतकी वर्षं तोंड वाजवतो, आणि घरच्याच गाडीत काळा दोरा? कात्रीनं दोन्ही कापून फेकले. मग सगळे कपलर काढले, आतल्या पिना घासल्या, फवारा मारला आणि पुन्हा लावले. एकेका जागी ते इतके झकास बसले की मला माझंच कौतुक वाटलं.

सोनखेड मागे पडेपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई फुलली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. मग इंजिन ठसकायला लागलं. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. लोह्याला कशीबशी पोचली आणि चहाच्या टपरीसमोर बंद पडली. मी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार) खाल्ला, दोन चहा घेतले. तासाभरानं किल्ली फिरवली तर गाडी अशी चालू झाली, जणू काही झालंच नव्हतं.

"पेट्रोलच खराब असंल," टपरीवाला म्हणाला. मला पटलं. दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा तेच झालं तेव्हा ते पटेनासं झालं.

अहमदपूरला रशीदचाचांचं दुकान सापडलं. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी प्लग काढले. जादा पेट्रोलची काजळी धरून काळेकुट्ट झालेले. पुसून परत लावेपर्यंत गाडी निवली आणि पुन्हा शहाण्यासारखी चालायला लागली. चाचांनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, ही ठंडी हाय तवर शहाणी. गरम झाली की बहकून राहिली."

"पण का?"

"तेच तर समजून न्हाई राहिलं." ते वाकून वायरी चाचपत होते. "हे काम कोन केलं?"

"माझ्या वडिलांनी."

"लई पक्कं काम हाय. पन सगळीच वायर काळी? असा मानूस खूण ठेवल्याबिगर राहायचा न्हाई."

मी खांदे उडवले. अण्णांनी वहीत वगैरे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. दोऱ्यांची तर मला आठवणसुद्धा झाली नाही, इतका मी शहाणा.

पुढचा रस्ता मी एका विचित्र हिशेबानं कापला. पंधरा मिनिटं चालवायची, अर्धा तास थांबायचं. चाकूरजवळ कडुलिंबाखाली बसून मी उष्णतेचा सगळा धडा मनात म्हणून पाहिला. गरम झाल्यावर इंजिनला पेट्रोल कमी लागतं, जास्त नाही. मग हे इतकं पेट्रोल का पितंय? ज्या विषयावर मी पोरांच्या वह्या तपासतो, त्यात मला काडीचं कळेना. लातूर ओलांडलं तेव्हा तीन वाजून गेले होते.

मुरुडला दारासमोर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली. आई पायरीवर बसली होती. शेजारी ट्रंक, गोधड्यांचं गाठोडं. तिनं धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडीच न्यायला तयार न्हाई म्हणून राहिली," ती म्हणाली आणि गाठोडं उचलून आत जायला वळली.

"आई, थांब जरा." मी घाईघाईनं बॉनेट उघडलं. काय बघायचं ते मला माहीत नव्हतं, पण तिला आत जाऊ द्यायचं नव्हतं. ती माघारी आली, आत डोकावली.

"दोरे कुठं गेले?"

"कापले. नजर-बिजर काही नसतं, आई."

"नजर?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "सुरेश, त्या खुणा होत्या. तुझे अण्णा वायरी ओढायचे, मी टॉर्च धरून उभी राहायची. दोन टोप्या सारख्याच. खूण कर म्हणाले. मला कुठं आकडे येतात? मग गाठी मारल्या. पाण्याला एक, वाऱ्याला दोन. गाडीतलं तेवढंच एक काम त्यांनी मला दिलं होतं."

त्या टोप्यांखालचा एक सेन्सर इंजिनच्या पाण्याची उष्णता सांगतो, दुसरा आत येणाऱ्या हवेची. मी त्यांच्या टोप्यांची अदलाबदल केली होती. इंजिन तापून लाल झालं तरी कॉम्प्युटरला खबर मिळत होती गार हवेची, आणि तो बिचारा थंडीतलं इंजिन समजून पेट्रोल ओतत होता. सकाळी पाणी आणि हवा दोन्ही सारखीच गार, थांबून निवल्यावरही जवळपास तसंच, म्हणून तेवढ्यापुरतं कुठे बिघडत नव्हतं. मी दोन्ही कपलर काढून जागा बदलल्या. किल्ली फिरवली. इंजिन थोडं खोकलं आणि मग एका सुरात चालू लागलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

गोधड्यांच्या गाठोड्यातून आईनं काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, टोक ओठात ओलं केलं. "पाण्याचं कोणतं?" तिनं विचारलं. मी दाखवलं. तिनं एक गाठ मारली, मग दुसऱ्यावर दोन. गाठी घट्ट बसल्या. मग तिनं घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि अण्णांच्या शेजारी बसायची तशी पुढच्या सीटवर येऊन बसली. ऊन अजून भिंतीवर होतं.

येताना गाडी कुठेही ठसकली नाही. अहमदपूरला चाचांच्या दुकानासमोर मी मुद्दाम हॉर्न वाजवला. मी दिवसभर रस्त्यावर उत्तर शोधत फिरलो होतो, आणि ते कात्रीनं मीच कापून फेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं पाणी बघायला बॉनेट उघडलं. माझ्याच शाळेतले कदम सर फिरून येत होते. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि गालात हसले.

"काय सर, तुम्हीसुद्धा काळा दोरा?"

सेन्सर, कॉम्प्युटर, उष्णता, सगळं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला.

"हाव," मी म्हटलं. "आईनं बांधलाय."