आबांचा अमेरिकन

मी आयुष्यभर मरण शिकवलं. पुस्तकातलं. सांगलीच्या एका कॉलेजात मी इंग्रजीचा प्राध्यापक होतो. सत्तरच्या दशकात एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर नवा आला, तो घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून सगळ्यांत धाकट्या माझ्या गळ्यात पडला. पुढे मला त्याची इतकी गोडी लागली की घरचे कंटाळले. मला त्या लेखकांत एकच गोष्ट दिसायची: ही माणसं मरणाला नावानं हाक मारतात. आपल्यासारखं 'देवाघरी गेले', 'काही बरंवाईट झालं तर' असं करत नाहीत. हे मी वर्गात तावातावानं सांगायचो आणि मुलं ते निमूट वहीत उतरवून घ्यायची.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

माझे वडील, म्हणजे आबा, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि औंधच्या अलीकडच्या आमच्या गावी माझ्या थोरल्या भावाबरोबर शेती बघत होते. तो पेपर माझ्याकडे आल्यावर तीन-चार वर्षांनी त्यांचं जेवण तुटलं. मी त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं, पोटात गाठ आहे, हाताबाहेर गेलेली आहे, फार तर सहा महिने. कागद इंग्रजीत होता. बाहेर आबा बाकावर ताठ बसले होते. त्यांनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि मला परत दिला.

"काय लिवलंय?"

"पित्ताचे खडे आहेत, आबा. औषधानं विरघळतील."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग "बरं" म्हणाले, कागद पुन्हा मागून घेतला, त्याची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

गावी आल्यावर मी आईला आणि भावाला खरं सांगितलं आणि बजावलं, आबांना कळता कामा नये. कुणालाच यात वावगं वाटलं नाही. आमच्याकडे हीच रीत. आठ दिवसांत साऱ्या गावाला ठाऊक झालं, आणि ज्याचं मरण त्यालाच तेवढं ठाऊक नाही असं धरून माणसं भेटायला यायची, कुणी मोसंबी आणायचं, कुणी अंगारा, आणि म्हणायची, "आवं, पित्ताचं काय एवढं? दसऱ्याला पळाय लागशीला."

मी दर शनिवारी विट्याला गाडी बदलून गावी जायचो. अंगणात शेवग्याखाली आबांची बाज असायची. पोचलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"ह्या आठवड्यात काय शिकवलंस, मास्तर?"

त्यांना गोष्ट लागायची. आता आली का पंचाईत! माझ्या पेपरातल्या गोष्टींत शेवटी कुणी ना कुणी मरायचंच. मग मी गोष्ट सांगायचो आणि शेवट फिरवायचो. बुडणारा पोहून काठाला यायचा, आजारी बाई उठून स्वयंपाकाला लागायची. माझ्या तोंडून त्या वर्षी अमेरिकेत एकही माणूस मेलं नाही. एकदा लढाईची गोष्ट होती. पोटात गोळी लागलेल्या शिपायाला मी चालत घरी पोचवला. आबा हसले.

"पोटात गोळी लागून चालत गेला? कुठली रं ही पलटण?"

मी काहीतरी सारवासारव केली. आबा शेवग्याच्या शेंगांकडे बघत म्हणाले, "मी एक अमेरिकन बगितलाय. इटलीत, मोठ्या लढाईत. त्येंची पलटण आमच्या शेजारी हुती. एक पोरगं हुतं, इशीतलं. त्येलाबी पोटातच..."

मी ताडकन उठलो. औषधाची वेळ झाली म्हणालो आणि घरात गेलो. औषधाला अजून तासभर होता.

लहानपणी आम्ही आबांच्या इटलीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. डब्यातलं मांस, चॉकलेट, गुडघाभर बर्फ, शेपटी तुटलेलं खेचर. हे पोरगं त्यांत कधीच नव्हतं. तीस वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा विषय काढला, तर मी म्हणालो, "आबा, आजारी माणसानं असलं अभद्र बोलू नये." हे मी म्हणालो. वर्गात मरणाला नावानं हाक मारणारा मी.

साताऱ्याला प्राध्यापकांचं एक चर्चासत्र होतं. तिथं मी 'अमेरिकन कादंबरीतला मृत्यू' या विषयावर वीस पानांचा निबंध वाचला. त्यात एक वाक्य होतं, मरणाऱ्याजवळ मरणाचा उच्चार न करणारा समाज त्याला एकट्याला मरायला सोडून देतो. टाळ्या पडल्या. एका वयोवृद्ध प्राध्यापकांनी पाठ थोपटली. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. त्याच आनंदात दुपारची एस.टी. पकडून मी गावी आलो.

आबांची तोवर हाडं राहिली होती, पण दाढी रोजच्या रोज. पलटणीची सवय.

"साताऱ्यात कशावर बोललास?"

"पुस्तकांवर."

"काय हाय त्या पुस्तकांत?"

"असंच, आबा. माणसांचं."

"बस हितं," ते म्हणाले. "लय सांगितलंस तू. आज माजं ऐक."

मी बाजेच्या कडेला बसलो. ते हळूहळू, दम घेत बोलू लागले. डोंगरावर गोठ्यासारखी एक पडकी खोली होती. जखमींना खाली न्यायला माणसं यायची होती, ती येईपर्यंत त्या पोराजवळ थांबायचा हुकूम आबांना मिळाला होता. पोटाची जखम, म्हणून पाणी द्यायचं नव्हतं. पोरगं पाणीच मागत होतं. आबा त्याचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत राहिले.

"मग त्यानं माजा हात धरला. आन् इचारलं, मी मरतोय का? तेवढं इंग्रजी मला कळत हुतं. तिथं तिसरं कुणी न्हवतं, लेका. मी आन् त्यो. आता काय सांगावं त्येला? मला बी काय सुचंना. मग मी त्येला म्हणलं..."

आबांचा हात बाजेवर उघडा पडला होता, माझ्याकडे. मला दिसत होतं. अजून एक शब्द ऐकला असता तर मी हंबरडा फोडला असता, आणि मग सगळंच उघडं पडलं असतं.

"आबा, पुरे," मी म्हणालो. "तुमाला तरास होईल. पडा जरा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मिरजेच्या बाकावरून बघितलं होतं तसंच. मग म्हणाले, "बरं. चा घे, मास्तर. प्रवासातनं आलायस." आणि कूस बदलली.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा ते गुंगीत होते. त्यानंतरच्या शनिवारची वाट त्यांनी बघितली नाही, गुरुवारी सकाळी गेले. बघा, मीही 'गेले'च म्हणतोय.

दोन दिवसांनी आईनं त्यांची पलटणीची काळी ट्रंक उघडली. वरच तो मिरजेचा कागद होता, तशीच चौघडी. त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी मराठीत दोन ओळी लिहून दिल्या होत्या. गाठ, आणि गाठीचं नाव.

"मिरजंहून आलं, आन् दुसऱ्याच दिवशी पोस्टमास्तरांकडनं वाचून घेतलं," आई म्हणाली. "पयल्यापासनं ठावं हुतं त्येंला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"गळ्याची आन घातली हुती मला. म्हणायचं, पोरगं भितंय. त्याच्या मनानं इचारंल तवा सांगीन."

मी तिला त्या अमेरिकन पोराचं विचारलं. आबांनी त्याला शेवटी काय सांगितलं? खरं सांगितलं, की माझ्यासारखं पित्ताचे खडे?

"मला न्हाई बा ठावं," आई म्हणाली. "तुलाच सांगायचं म्हणायचं. तुज्या कामाचं हाय म्हणायचं."

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. बाभळीवर कावळे भरपूर, पण एकही खाली उतरेना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं अशा वेळी समजतात, आणि घरच्यांनी एकेक करून पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. भाऊ म्हणाला, "आबा, आईला अंतर देणार न्हाई." कावळा आला नाही. चुलते म्हणाले, "थोरल्याच्या पोरींची लग्नं नीट करू." आला नाही. ऊन चढलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिकलेला मीच, काहीतरी नेमकं बोलेन असं त्यांना वाटलं असावं.

मी पुढं झालो, हात जोडले आणि माझं मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणालो, "आबा, सांगा आता. मी मधे बोलत नाही."

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. बराच वेळ थांबून भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

परतीच्या वाटेवर भावानं विचारलं, "तू काय म्हणालास रं आबांना?"

"काही नाही," मी म्हणालो. "असंच."