हेमाची डावी बाजू

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. नववीचा तास घ्यायला जाताना जिन्यात फोन वाजला. पडद्यावर रमेशचं नाव होतं. रमेश हा हेमाचा धाकटा भाऊ, तो मला सहसा फोन करत नाही, म्हणून तिथेच कठड्याला टेकून उभी राहिले. "ताई, आपली हेमा गेली गो..." एवढंच तो बोलला. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. सकाळी बोईसरच्या मैदानावर मुलींचा सराव घेऊन ती मुरब्याला घरी आली होती. आंघोळ करून ओट्यावर बसली आणि बसल्या जागी तिचं हृदय थांबलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

पालघरहून मी पोहोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. मासळी वाळवायच्या दांड्यांजवळ तिच्या शिष्या उभ्या होत्या. सरावाच्या कपड्यांतच आल्या होत्या बिचाऱ्या, एकमेकींचे हात धरून. त्यांच्याकडे बघत माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी हळूच विचारलं, "ही हेमा बॉल खेलायची ते आमाला ठावं हाय. पन नक्की काय करायची गो ती?" मी म्हटलं, काका, बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच जणी असतात. त्यातली एक चेंडूचे टप्पे मारत पुढं येते आणि कुणाला तो कधी द्यायचा, कुठल्या बाजूनं हल्ला करायचा, कुठं थांबायचं, हे सगळं तीच ठरवते. तिला पॉइंट गार्ड म्हणतात. "म्हंजे तांडेलच की," काका म्हणाले, "बोटीचा म्होरक्या असतो तसा." हेमाचं आडनाव तांडेल. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर खेळले, पण हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या काकांना मी जे अर्धवट सांगितलं, तेच आज नीट सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही भेटलो बोईसरच्या शाळेत, आठवीत. माझे वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि मी वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. तेवढ्या एकाच गुणावर राऊत सरांनी मला बास्केटबॉलच्या संघात घेतलं होतं. हेमा रोज सकाळी आईबरोबर मुरब्याहून एसटीनं यायची. आई मासळीच्या टोपल्या घेऊन बाजारात उतरायची आणि ही दप्तर घेऊन शाळेत. अंगानं किडकिडीत, उंची माझ्या खांद्याएवढी. एकदा सरावात चेंडू कोर्टाबाहेर गेला, तो कडेला बघत उभ्या असलेल्या हेमानं उचलला आणि परत टाकला. तिच्या अगदी समोर मी उभी होते, म्हणून मी हात पुढं केले. पण चेंडू माझ्या कानाजवळून गेला आणि रिंगखाली एकट्याच उभ्या असलेल्या मुलीच्या हातात अलगद पडला. ती मुलगी मोकळी आहे हे आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. राऊत सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि विचारलं, "तू कुठं शिकलीस हे?" ती घाबरली. वाटलं असेल, काहीतरी चुकलं. म्हणाली, "सर, बंदरावर. बोट आली का टोपल्या हातोहात वर देतात ना. हातातल्या टोपलीकडं बघायचं नाय, पुढच्याकडं बघायचं. नायतर टोपली पडते." त्या संध्याकाळी सर स्वतः बाजारात जाऊन तिच्या आईला भेटले आणि हिला संघात घेतो म्हणाले.

पुढची वर्षं भराभर गेली. तालुका, जिल्हा, राज्य. खेळाडू म्हणून आम्हा दोघींना मुंबईत एकाच खात्यात नोकरी लागली. आपल्याकडे मुलींसाठी व्यावसायिक खेळ म्हणजे हेच असायचं : खात्याच्या संघातून खेळायचं, सकाळ-संध्याकाळ सराव करायचा आणि मधल्या वेळेत टेबलावर बसायचं. हेमा टेबलावर बसून पेंगायची आणि कोर्टवर उतरली की तिच्या अंगात वारं शिरायचं. तिला भारताच्या संघाची जर्सी मिळाली तेव्हा तिनं ती आधी मुरब्याला नेली आणि आईच्या अंगावर घालून बघितली. आई त्या जर्सीत, नऊवारीवरून घातलेल्या, अंगणभर हसत फिरली. हेमाबरोबर खेळताना कधी कधी मला खेळायचं भान राहायचं नाही, बघतच राहायचे. मग चेंडू माझ्या छातीवर आदळायचा आणि ती ओरडायची, "अने, सिनेमाला आलीस काय गो?"

मग तो सामना झाला. गाव दक्षिणेतलं, सामना साधासा, आम्ही पुढं होतो. रिंगखाली झटापट झाली आणि कुणाचं तरी कोपर हेमाच्या डाव्या डोळ्यावर बसलं. मुद्दाम कुणीच मारलं नव्हतं. ती खाली बसली, रुमालानं डोळा दाबला आणि उरलेला सामनाही खेळली. सकाळी उठली तेव्हा त्या डोळ्यापुढं काळा पडदा ओढल्यासारखं झालं होतं. शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी झाली. शेवटी डॉक्टरांनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं की या डोळ्याची दृष्टी परत येणार नाही. मी बाजूलाच होते. हेमानं फक्त विचारलं, "आणि उजवा?" डॉक्टर म्हणाले, "तो उत्तम आहे." ती म्हणाली, "मग बरंय."

बरं काहीच नव्हतं. बाकीच्या चौघींपैकी एखादीला एका डोळ्यानं कदाचित निभावता आलं असतं. पण पॉइंट गार्डचं सगळं काम बघण्याचंच. अर्धं कोर्ट तिच्यासाठी अंधारात गेलं होतं, शिवाय एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडायचं. सगळ्यांनी तिला प्रेमानंच सांगितलं की नोकरी आहे, आता टेबल सांभाळ. ती रजा टाकून मुरब्याला गेली आणि तिकडून काही कळेना. न राहवून मी गेले. घरी आई म्हणाली, "खाडीकडं गेलीत भावंडं." जाऊन बघते तर ओहोटीच्या घट्ट वाळूत हेमा उभी होती आणि रमेश तिच्या डाव्या बाजूनं चेंडू फेकत होता. चेंडू तिच्या खांद्यावर, गालावर, कानावर बसत होता. रमेशच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता पुरे ना गो हेमा," तो म्हणत होता. आणि ती म्हणत होती, "टाक तू. टाकायच्या आधी बोल, आनि टाक." मी लांबच उभी राहिले. बऱ्याच वेळानं रमेशनं "हाय!" अशी हाक दिली आणि चेंडू सोडला. हेमानं मान न वळवता डावा हात बाहेर काढला. चेंडू हातात बसला.

मला बघितल्यावर ती धावत आली. "अने, तू डावीकडनं खेळशील?" मी म्हटलं, "मी तर कायम उजवीकडची." ती म्हणाली, "म्हनूनच इचारते. तुझा आवाज मला झोपेत पन कळतो."

आमच्या प्रशिक्षक कुरियन मॅडम कडक बाई. डॉक्टरांनी संरक्षक चष्म्याच्या अटीवर परवानगी दिली, तरी त्यांनी हेमाला सरळ संघात घेतलं नाही. "खेळून दाखव," म्हणाल्या. पहिले काही महिने बघवत नव्हते. डाव्या बाजूनं कुणीही यावं आणि तिच्या हातातला चेंडू काढून घ्यावा. आपल्याच मुलींवर ती आदळायची, पडायची. एकदा कोर्टच्या कडेला बसून गुडघ्यावरचं रक्त पुसताना म्हणाली, "अने, जग अर्धं झालं गो... पन अर्ध्यात पन तीन जनी दिसतात. चौथीचं बघू." त्यानंतर तिनं नियम केला : तिच्या डावीकडे जी असेल तिनं बोलायचं. काय बोलायचं, तर रमेश देत होता तेच, 'हाय'. म्हणजे 'मी इथं आहे'. संघात एक पंजाबची मुलगी होती आणि दोघी केरळच्या. त्यांना कितीतरी दिवस वाटत होतं की आम्ही एकमेकींना इंग्रजीत नमस्कार करतोय! त्याही मग तितक्याच मनापासून 'हाय, हाय' ओरडायला लागल्या. आमचा संघ बोलका झाला. आणि गंमत अशी की आधी फक्त हेमालाच दिसायचं, ते या बोलण्यामुळं आम्हा सगळ्यांनाच थोडं थोडं दिसायला लागलं. वर्षभरानं कुरियन मॅडमनी तिला पुन्हा कप्तान केलं.

आता त्या उपांत्य सामन्याबद्दल. राष्ट्रीय स्पर्धा होती, समोर बलाढ्य संघ. त्यांना हेमाच्या डोळ्याची माहिती होती आणि पहिल्या मिनिटापासून त्यांनी तिच्या डाव्या बाजूला एक चपळ मुलगी चिकटवून ठेवली. त्यात भर म्हणजे ढोल-ताशे घेऊन आलेले त्यांचे समर्थक. त्या बंद हॉलमध्ये स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. आम्ही ओरडून ओरडून घसे फोडले, हेमापर्यंत काहीच पोहोचेना. शेवटचे काही क्षण उरले आणि आम्ही एका गुणानं मागं. चेंडू हेमाकडं. ती उजवीकडून आत घुसली. दोघी तिच्यावर धावल्या, तिसरीही सरकली. तिच्या मागे, डाव्या बाजूला, मी एकटी मोकळी उभी. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. घसा पार बसला होता. मला वाटलं, संपलं... आणि त्याच क्षणी हेमानं उजवीकडं बघत, उजवीकडंच जात, पाठीमागून चेंडू सोडला. तो माझ्या छातीसमोर आला, अगदी जिथून मी टाकते तिथं. मी टाकला. चेंडू जाळीतून गेला तेव्हाही मी तिच्याचकडं बघत होते.

रात्री जेवायला बसेपर्यंत मला बोलताच येत नव्हतं. गरम पाण्याचे घोट घेत घोगऱ्या आवाजात मी विचारलं, "मी हाक दिली नव्हती. तुला कळलं कसं?" तिला प्रश्नच समजला नाही. भाताचा घास हातात तसाच धरून म्हणाली, "म्हंजे? तू तिथं नसशील तर कुठं जाशील?"

अंतिम सामना आम्ही सपाटून हरलो, तेही सांगायला हवं. हेमाला त्याचं फार वाटलं नाही. मी पुढं खेळ सोडून पालघरच्या शाळेत शिक्षिका झाले. हेमा आणखी काही वर्षं खेळली, मग बोईसरला बदली मागून घेतली आणि मैदानावर मुलींना शिकवायला लागली. कामगार वस्तीतल्या हिंदी बोलणाऱ्या मुली, किनाऱ्यावरच्या मुली, डोंगरपट्ट्यातून आश्रमशाळेत आलेल्या मुली. डोळ्याचं तिनं त्यांना कधी सांगितलंच नाही. मान जराशी डावीकडं वळवून ती बघायची, ते मुलींना तिचं कडकपण वाटायचं. अंत्यविधीच्या दिवशी मी बोलता बोलता डोळ्याचं बोलून गेले, तेव्हा त्यांच्यातली एक माझ्याकडं बघतच राहिली. "नहीं मॅडम," ती म्हणाली, "दीदी को तो सब दिखता था." तिचं बरोबरच होतं.

गेल्या रविवारी मुरब्याला गेले होते. आता घरात रमेशचं कुटुंब आणि आई. आईनं ऐंशी ओलांडली आहे, पण अजून बोंबील स्वतः निवडते. आम्ही ओट्यावर बसलो. तिथं हेमाची प्लास्टिकची खुर्ची आहे, अजून कुणी हलवलेली नाही. मी सहज तिच्या डाव्या बाजूला पाट ओढला आणि टेकले. आई चहा घेऊन बाहेर आली, मला बघून थबकली आणि मग वैतागल्यासारखी म्हणाली, "बाय, त्या अंगाला कशाला बसलीस? हिकडं ये, उजव्या हाताला बस."

मी उठले. खुर्चीला वळसा घालून उजवीकडं जाऊन बसले. आईनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि ती माझ्या शेजारी टेकली.