मोरचुदाचं पाणी आणि आत्याबाईंची वांगी

मी सोलापूरची, गिरणीच्या भोंग्यावर उठणारी. लग्न होऊन मंगळवेढ्याकडच्या एका गावात आले, तेव्हा ज्वारीला काणी पडते म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. अंगात शहाणपण मात्र भरपूर होतं.

त्या वर्षी शेतकी खात्यातला एक माणूस मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काणीवरचा उपाय शिकवून गेला. पेरणीआधी बियाणं मोरचुदाच्या पाण्यात भिजवायचं. पेरणी उरकली आणि रांजणात ते निळंशार पाणी उरलं. आमच्या गावात पाणी कुणी फेकत नसे. भांड्यांचं, आंघोळीचं, सगळं परसातल्या भाजीला जायचं. मीही दोन घागरी भरल्या आणि आत्याबाईंच्या वांग्याच्या रोपांवर ओतल्या. ज्वारीला औषध, मग वांग्याला का नाही?

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या वांग्याचं बी त्यांनी माहेराहून आणलेलं. पुढं तापाच्या साथीत त्यांचं माहेर उठलं. भाऊ राहिला नाही की भावजय. दर वर्षी त्या बी धरत, आणि त्या खेपेला होतं नव्हतं ते सगळं त्याच वाफ्यात टाकलं होतं.

आठवड्याभरात रोपं पिवळी पडली. पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. आत्याबाईंनी एक रोप उपटलं. मुळं आखूड, तपकिरी, टोकाला करपल्यासारखी. त्या खाली बसल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्या हातातल्या रोपाच्या मुळांची माती बोटांनी झाडत राहिल्या, आणि मला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मामंजी आले. “त्या रांजणातलं पानी कुनी वतलं हितं?”

“मीच,” आत्याबाई म्हणाल्या. “मला वाटलं, औषध हाय की.”

मामंजी तापट. त्यांनी आत्याबाईंना नाही नाही ते ऐकवलं. मी भिंतीला टेकून उभी होते. खरं सांगायला तोंड उघडलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

मग आम्ही दोघींनी रानातली माती पाट्यांनी वाहिली, परसाच्या दुसऱ्या टोकाला वाफा केला, एकेका रोपाची मुळं धुऊन लावली. तीन जगली. शेतकी खात्यातला तो माणूस पुन्हा आला तेव्हा म्हणाला, पाणी आटून जातं, पण मोरचुदातलं तांबं मातीतच राहतं. खरंच, जुन्या वाफ्यात पुढं कित्येक वर्षं गवतदेखील खुरटंच आलं.

त्या साली घरात एक वांगं शिजलं नाही. सगळी बियांसाठी झाडावरच पिवळी होऊ दिली. मामंजी कुरकुरले की आत्याबाई म्हणत, “माझीच चूक हाय, मलाच भोगू द्या.” आणि माझ्याकडं बघतसुद्धा नसत.

संक्रांतीनंतर मी माहेरी निघाले. आत्याबाईंनी राखेत घोळलेलं बी फडक्यात बांधलं. अर्धं स्वतःला ठेवलं, अर्धं माझ्या हातात दिलं. ज्या हातानं पाणी ओतलं होतं त्याच हातात.

“तुझ्या आईला लावाय सांग,” त्या म्हणाल्या. “हितलं पुन्हा गेलं, तर मागाय जायला मला म्हायेर ऱ्हाईल.”