यादीतून खोडलेली ओळ

फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आलेला माल तपासून घेत होते. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, "सायकलवाले बाबा की जेब में आपकी चिठ्ठी मिली. आप उनकी बहन हैं?" खिशात प्लास्टिकच्या पिशवीत माझा नंबर ठेवायचा, ही दादाला दिलेल्या यादीतली शेवटची ओळ होती. ती कामाला आली. दादा मात्र तोवर गेला होता… गुलबर्ग्यात, भर सकाळी, एका चौकात. त्याला आता दीड महिना झाला.

माझा हा थोरला भाऊ दौंडला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. गाडी सोलापूरला पोचवायची, स्टेशनालगतच्या रनिंग रूममध्ये झोपायचं आणि उठून दुसरी गाडी घेऊन परत यायचं, असा जन्म गेला. रिटायर झाल्यावर त्यानं सायकल घेतली. ती गाडीच्या सामानाच्या डब्यात टाकायची, एखाद्या शहरात उतरायचं, दिवसभर एकट्यानं हिंडायचं. सोबत कुणी नको. पहिल्यांदा सोलापूरलाच गेला आणि तिथून फोनवर ओरडला, "अगं, भिंतीपल्याड केवढं गाव हाय! तळ्यात देऊळ हाय! आन् मी तीस वर्षं इथं नुसता घोरलो!" प्रत्येक वेळी मी शिरूरहून यादी पाठवायचे. पंक्चरचं सामान, बीपीची गोळी, आधारची झेरॉक्स, दर दोन तासांनी फोन. "तुझी यादी सायकलीपेक्षा जड हाय," तो म्हणायचा. "मग सायकल ठेव घरी आणि यादीवर बसून जा," मी म्हणायचे. पण यादीतलं सगळं तो पाळायचा. एकही फोन कधी चुकला नाही.

गेल्या भाऊबीजेला तो दौंडहून सायकल मारत माझ्याकडे आला होता. आम्ही बाजारात निघालो. तो पुढं, मी स्कूटरवर मागं. हायवेच्या चौकात दिवा बदलला. "हिरवा!" दादा मोठ्यांदा म्हणाला आणि मान न वळवता निघाला. इंजिनातली दोघं माणसं सिग्नल दिसला की असा एकमेकांना ओरडून सांगतात; ती सवय. उजवीकडून उसाची ट्रॉली तशीच आत घुसली आणि त्याच्या मागच्या चाकाला घासायची राहिली. मी किंचाळले, "दादा, मान वळवली तर मोडती का?"

"हिरवा दिलाय म्हंजी लाईन क्लिअर. आडवं कोण येतंय?"

"रुळावर कुणी येत नसेल. इथं सगळेच येतात."

"बरं, इन्स्पेक्टरबाई," म्हणून तो हसला.

गुलबर्ग्याची यादी करताना मी ती ओळ लिहिली : हिरवा असला तरी दोन्हीकडं बघायचं. मग वाचून बघितली. आयुष्यभर सिग्नल बघून हजारो माणसं सुखरूप पोचवलेल्या ड्रायव्हरला मी हे शिकवायचं? हा त्याचा अपमान वाटला. खोडली… आणि यादी स्वच्छ दिसावी म्हणून नव्या कागदावर उतरवून पाठवली.

त्या दिवशी दहाला त्याचा फोन आला. "किल्ल्यावर तोफ हाय, निम्म्या इंजिनायेवढी लांब! भाषा कळत न्हाई, पर चहा मिळाला." पुढचा फोन बाराला यायचा होता. त्याआधी तो अनोळखी नंबर आला. तो माणूस चौकातला फळवाला. त्यानं सांगितलं, टेम्पो लाल दिवा तोडून आला, "बाबा ज़ोर से कुछ बोले और निकल पड़े." काय बोलले, हे मी विचारलं नाही.

सायकल परत आली. दौंडच्या घरात पुढच्या खोलीत उभी आहे. तेराव्याला वहिनी तिच्याशेजारी खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही एवढं सगळं लिहून द्यायचा. कायी राहिलं तर न्हवतं?"

"नाही," मी म्हणाले. "सगळं लिहिलं होतं."

त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून आल्यागेल्याला त्या सांगतात, वन्संनी कशात कमी केली न्हाई, त्यांचंच आयुष्य तेवढं. मी ऐकून घेते. दर रविवारी दुपारी, चष्मा लावून, त्याच खुर्चीत त्या पेपरची ही पुरवणी वाचतात. मागच्या पानापासून सुरुवात करतात, एक ओळ सोडत नाहीत.

वहिनी, एक राहिली होती. मी लिहिली होती, आणि मीच खोडली.