धाकटीच्या बागेची हद्द

थोरलीच्या पायांवर खरेदी केंद्राचा भारी विश्वास. कोकोच्या बागा मापायचं काम तिला मिळालं ते त्या पायांमुळेच. फोन छातीशी धरून हद्दीवरून बागेला फेरी मारायची; फोन ठिपके टिपत जातो आणि नकाशावर रेघ उमटते. बाकीचे मध्येच गप्पा मारत थांबत, सावली बघून आडवाट धरत. मग रेघ अशी वेडीवाकडी येई, की कारकून डोक्याला हात लावी. थोरली मात्र नाकासमोर चालायची.

हा सगळा खटाटोप चॉकलेटच्या कारखान्यासाठी. कुठलं बी कुठल्या बागेतलं, हे त्यांना नकाशावर बघायचं असे. बाग रान तोडून आत घुसलेली दिसली की रेघ लाल. लाल बागेचं बी केंद्रात घेत नसत.

आता धाकटी. धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींच्या बागा शेजारी, माती एक, झाडंही बरोबरच लावलेली. पण बिया आंबवाव्यात त्या धाकटीनेच, असं सगळे म्हणत. थोरलीने तशाच पेट्या केल्या, तशाच त्या पानांनी झाकल्या, धाकटी बिया कधी उलटते तेही चोरून पाहिलं. तरी तो वास काही यायचा नाही. आणि धाकटी? विचारलं की सगळं सांगून मोकळी. हेच थोरलीला खुपायचं. तिने काही लपवलं असतं, तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या!

त्यात कारखान्याने एकाच बागेच्या बियांचं वेगळं चॉकलेट काढायचं ठरवलं. वेष्टनावरच्या खुणेवर फोन धरला की ती बाग दिसणार. निवड झाली धाकटीच्या बागेची. थोरली तोंडभर हसून "बरं झालं हो" म्हणाली आणि घरी येऊन भांडी आदळत बसली.

"अगं, आपल्याच घरातली ना ती?" नवरा म्हणाला.

"म्हणून तर!"

निवडलेल्या बागेची हद्द नव्याने मापायची होती. काम अर्थातच थोरलीकडे आलं. वरच्या कोपऱ्यापर्यंत ती सरळ गेली. तिथे हद्द वळते, आणि पलीकडे उभ्या चढावर रानातली जुनी झाडं आहेत. थोरली क्षणभर थांबली. मग झुडपं धरत, धापा टाकत चढली आणि त्या झाडांना वळसा घालून खाली उतरली. लाज वाटली नाही. उलट फार बरं वाटलं.

रेघ लाल झाली. धाकटीची हंगामाची सगळी पोती केंद्राच्या दारात अडली.

"दुसऱ्या कुणाकडून मापून घेऊ का?" कारकुनाने विचारलं.

"दुसरं कशाला? ताईंइतकं सरळ कोण चालतं?" धाकटी म्हणाली. "चला ताई, मीही येते."

ती सोबत असल्यावर चढणार कशी? थोरलीला हद्दीवरूनच चालावं लागलं. धाकटी पुढे होऊन तिच्यासाठी फांद्या बाजूला धरत होती.

कारकुनाने दोन्ही रेघा पडद्यावर एकीवर एक ठेवल्या. नवी हिरवी. जुनीला वरच्या कोपऱ्यात चांगलं पोट सुटलेलं. पोती उतरवणारी माणसंही बघायला जमली. धाकटीला तो चढ ठाऊक होता. तिथे चुकून कुणी जात नाही. तिने थोरलीकडे एकदाच पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"तिथे फोनला रेंज नसेल," धाकटी म्हणाली.

"झाडीत होतं असं," कारकुनाने मान डोलावली. मिटलं. पोती आत जायला लागली, थोरलीची अब्रू वाचली.

थोरलीच्या अंगाची मात्र लाही लाही झाली. बियांचा वास हिचा, वेष्टनावरची बाग हिची, आता मनाचा मोठेपणाही हिचाच? आणि आपण जन्मभर त्या उपकाराखाली मान घालून राहायचं? छे!

"रेंज होती!" ती सगळ्यांसमोर ओरडली. "मी मुद्दाम चढले. जळते मी तुझ्यावर, कळलं?"

कारकुनाने तिच्या हातातला फोन काढून घेतला, तो कायमचाच. धाकटीचा चेहरा लालबुंद झाला.

"माझ्या बागेत पुन्हा पाऊल टाकलंत, तर तंगडं मोडीन!" ती किंचाळली.

किती वर्षांनी थोरलीला ती आपल्याएवढी वाटली.