पाऊणकीची चिप

चिप म्हणजे परदेशात, पांढरे झगे घालून करायची गोष्ट, असं मी स्वतः पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असूनही कितीतरी वर्षं धरून चालले होते. मग कळलं की चिप आखायची सगळी हत्यारं ओपन सोर्स मिळतात, म्हणजे फुकट आणि उघडी. आपल्याला काय हवं ते कोडमध्ये लिहायचं. सॉफ्टवेअर त्याची गेटं, म्हणजे हिशेब करणारे बारके भाग, बनवतं, ती सिलिकॉनवर मांडतं, तारांनी जोडतं आणि चुकलं तिथे आपला कान धरतं. मग शेकडो हौशी लोकांचे इवलेसे चौकोन एकाच चिपवर बसवून ती कारखान्यात धाडतात. मला त्यातला एक चौकोन मिळाला, केसाच्या जाडीएवढा! त्या दिवशी स्टाफरूममध्ये हातात चहा घेऊन मी चक्क गिरकी मारली. चहा हजेरीपटावर सांडला.

त्या चौकोनात काय करायचं, हे माझं आधीच ठरलं होतं. आमचं घर पूर्णगडचं. बाबा चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. भरतीची वेळ ते तोंडी काढतात. तिथीची पाऊणपट करायची, जितके येतील तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा. हाच हिशेब मला चिपवर आणायचा होता. खटक्यांनी तिथी द्यायची की तास आणि मिनिटं हजर. हे मी बाबांना फोनवर सांगितलं आणि तिथेच फसले. संध्याकाळपर्यंत जेटीवरच्या प्रत्येक बोटीला बातमी लागली होती की तांडेलांची मुलगी भरती चिपमध्ये घालत्ये. आता भरती चौकोनात बसली नसती तर बाबांना जेटीवर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

फाइल पाठवायची मुदत रविवारी दुपारी बाराची. सकाळी मी पूर्णगडच्या पडवीत लॅपटॉप उघडला आणि शेवटची फेरी चालवली. सॉफ्टवेअर म्हणालं, बसत नाही, दीड चौकोन लागेल. पुन्हा चालवलं. दीडच. मी तिथीला पंचेचाळीस मिनिटांनी गुणलं होतं आणि तास काढायला साठने भागलं होतं. भागाकार हा चिपवरचा भलता खादाड प्राणी आहे, एकटाच पानभर जेवतो. दहा वाजले तरी मी इकडचं तिकडे करत होते.

बाबा अर्धी दाढी करून बाहेर आले. निम्म्या गालावर साबण तसाच. "काय झाला गो?"

"भागाकार मावत नाहीये, बाबा."

"भागाकार होवा कशाला? पंचमी घे. पाचाचा अर्धा अडीच. त्या अर्ध्याचा अर्धा सव्वा. दोनी मिलव, पावणेचार. ह्यात भागाकार आला कुठं?"

"आणि मिनिटं?"

"मिनिटं कोन विचारतो? दर्याला पाव, अर्धा, पाऊण येवढाच कळतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चिपमध्ये आकडा अर्धा करायचा म्हणजे त्याच्या तारा नुसत्या एक घर सरकवायच्या. हे मी दरवर्षी फळ्यावर मुलांना शिकवते! मला स्वतःचंच इतकं हसू आलं की टाइप होईना. साठचा भागाकार उडवला, मिनिटं उडवली. तासांचे चार दिवे, एक-दोन-चार-आठचे, पावांचे दोन, मध्ये एक बेरीज. फेरी चालवली. साडेअकराला निकाल आला: बसलं, आणि वर जागा उरली! मी ओरडले तशी अंगणाच्या दगडी गडग्यावरची कोंबडी उडाली.

पडद्यावर चौकोनाचं रंगीबेरंगी चित्र आलं. बाबा वाकून बघायला लागले. "ह्यात माझा अर्धा कुठं हाय, दाखव."

मी चित्र मोठं केलं. बेरीज सापडली, दिवे लावणारी गेटं सापडली. अर्ध्याचं एकही गेट नव्हतं. खोटं बोलवेना. "तो दिसायचा नाही, बाबा. तो नुसता तारांच्या सरकण्यात आहे. जागाच घेत नाही. म्हणून तर सगळं मावलं."

बाबा वाकले होते ते सरळ उभे राहिले. माणूस चौथीत शाळा सोडून बोटीवर गेलेला, त्याचं एवढं एकच गणित चिपवर जाणार, आणि मी म्हणत्ये ते दिसत नाही. माझ्या जिवाला लागलं.

आई आतून ऐकत होती. ती दारात आली, ओले हात पदराला पुसत. "चालीस वर्सां हे दर्यावर. घरात तरी कुठं दिसले? पन घर चाललाच ना त्यांच्यावर!"

बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग गालावरचा वाळलेला साबण खसाखसा पुसला आणि माझ्यावरच खेकसले, "बघतेस काय? बारा वाजतील. धाड!"

मी बटण दाबलं.