पिशवी इसरली का?

दोन्ही तळहात समोरासमोर धरायचे, मधे थोडी जागा ठेवायची आणि विचारायचं, "पिशवी इसरली का?" आमच्या अण्णाचं हे रोजचंच होतं. भालकीच्या बसस्टँडसमोरच्या वधूवर केंद्रात तुम्ही कधी आला असाल, तर असे हात धरून बसलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. नवीन आलेल्या बायका घाईघाईने आपापल्या पिशव्या तपासायच्या.

गावची पोरं पुण्याला, हैदराबादला नोकरीला गेली होती. फोटोंच्या फायली चाळायला येणार कोण? म्हणून मालकांनी वेबसाइट काढायची ठरवली आणि ती बनवायचं काम अण्णाकडे आलं. मी शेजारच्या कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरून द्यायची आणि जमेल तसं त्याच्याकडून शिकायची.

फॉर्मात काही ठिकाणी एकाहून जास्त चौकटींवर टिक करता यायची. कुणाला वाचन, स्वयंपाक आणि क्रिकेट असे तीन छंद असले, तर तिन्ही एकाच नावाने सर्व्हरकडे जातात. "एका हातात तीन पेरू दिले," अण्णा सांगायचा, "तर दुसरा घेताना पैला पडतो, तिसरा घेताना दुसरा पडतो. शेवटचा तेवढा ऱ्हातो. म्हनून नावाच्या मागं पिशवी लावायची." पिशवी म्हणजे कीबोर्डवरचे दोन चौकोनी कंस. ते लावले की सगळ्या निवडी एकत्र राहतात आणि प्रोग्राम त्या एकेक करून बाहेर काढतो. "आन कुनी कायच निवडलं न्हाई, तर पिशवीच येत न्हाई. आधी आली का बघावं, मगच हात घालावा."

दुसऱ्यांची लग्नं जुळवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं मात्र जमत नव्हतं. वय चौतिशीला आलेलं, शेत नाही, नोकरी खाजगी. केंद्रात कुणाची लग्नपत्रिका आली की तो ती मोठ्या कौतुकाने वाचून दाखवायचा आणि नंतर उगाच माउस पुसत बसायचा. मला फार वाईट वाटायचं.

वेबसाइट सुरू झाली तेव्हा मीच त्याला स्वतःचा फॉर्म भरायला बसवलं. भाषांच्या रकान्यात मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू अशा चार चौकटी होत्या. त्याने चारींवर टिक केली.

"अण्णा, तुला तेलुगू कुठं येतंय?"

"चार शब्द येतेत की! त्येंनला कामून सोडावं?"

थोड्याच दिवसांत औरादकडच्या एका मुलीचं स्थळ जुळून आलं. तिच्या नावापुढे भाषा दिसत होती, तेलुगू. तिकडे तेलुगू घरं असतातच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. अण्णाने स्टँडवरच्या इडलीवाल्याची शिकवणी लावली. बागुन्नारा म्हणजे बरे आहात ना, मंचिदी म्हणजे छान, चालु म्हणजे पुरे. दिवसभर त्याचं घोकणं ऐकून मलाही सगळं पाठ झालं.

मुलगी बघायला त्याच्या आईला सोबत म्हणून मीही गेले. मुलीच्या वडिलांनी दारातच हात जोडून "बागुन्नारा" म्हटलं. अण्णाने "बागुन्नारा" म्हटलं. पुढचं काही सुचेना, म्हणून दोघांनी पुन्हा तेच म्हटलं. त्यांचंही तेलुगू एवढंच आहे हे ओळखण्याइतकं तेलुगू आमच्यापैकी कुणाला येत नव्हतं.

मुलीच्या आईंनी भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला दिला. अण्णाने बशी संपवली. त्या पुन्हा वाढायला आल्या, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "चालु, चालु."

त्यांनी आणखी वाढलं.

"चालु!" तो कळवळून म्हणाला. त्यांनी पातेलंच जवळ ओढलं.

इतका वेळ मान खाली घालून बसलेली मुलगी फिस्सकन हसली. "आई, थांब की! पुरं म्हनायलेत त्ये. वाढायलीस कामून?"

"अगं बाई! मला वाटलं, चालू द्या म्हनायलेत!"

अण्णाने बशी खाली ठेवली.

"तुमी घरात मराठी बोलता?" अण्णाने विचारलं.

"मग दुसरं काय बोलावं?" वडील म्हणाले. "तुमचं तेलुगू दिसलं, म्हनून आमी आठ दिस घोकायलाव!"

अण्णाने कपाळावर हात मारला. "पिशवी इसरली!"

"ऱ्हायली का गाडीत? आनायला लावू?" मुलीच्या आईंनी विचारलं.

मग त्याने हात समोरासमोर धरून सगळं सांगितलं. छंदांना पिशवी लावली होती, भाषांना लावायची राहिली होती. दोघांच्याही चार भाषांतली शेवटची तेवढी उरली होती.

"म्हंजी केंद्राची चूक?" वडिलांचा आवाज चढला.

मशीनवर ढकलून मोकळं होता आलं असतं. "न्हाई," अण्णा म्हणाला, "माझीच. वेबसाइट मीच केलीय."

अण्णाची आई पदराचं टोक पिळत बसली. मला वाटलं, हेही स्थळ गेलं.

"मग तुमी खरं काय काय निवडलं व्हतं?" मुलीने थेट त्यालाच विचारलं.

"समदं."

"मी बी," ती म्हणाली, आणि पुन्हा हसू लागली.

वडील तिच्या हसण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शिकलेला उरलासुरला शब्द काढला, "मंचिदी," आणि आईंना गोड आणायला सांगितलं. अण्णाच्या आईचे डोळे भरून आले. माझेही आले.

भालकीला परतल्यावर अण्णाने आधी कंस टाकले आणि मग चहा घेतला.

लग्नानंतर त्याला हैदराबादला नोकरी लागली. घर मिळालं की आईला नेणार होता. दोघांना बसवून द्यायला आम्ही स्टँडवर गेलो. पाया पडणं, रडणं, ट्रंक चढवणं, सगळ्याची एकच गडबड उडाली. गाडी हलली आणि माझं लक्ष बाकाकडे गेलं. त्याच्या आईने वाटेत खायला दिलेल्या शेंगापोळ्यांची पिशवी तिथेच होती.

"अण्णा, पिशवी!" मी गाडीमागे धावले. "पिशवी!"

त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढलं, माझ्याकडे बघून खदखदून हसला आणि दोन्ही तळहात समोरासमोर धरले. "न्हाई इसरली!" तो ओरडला. शेजारून वहिनींनीही तसेच हात धरले. गाडी वळली.

मी परत आले तेव्हा त्याची आई बाकावर बसून डोळे पुसत होती. मी पिशवीत हात घातला आणि एक पोळी तिच्या हातात दिली.

"समद्या इथंच ऱ्हायल्या की गं," ती म्हणाली, आणि रडता रडता इतकी हसली की तिला घास गिळवेना.